वर्तुळातला अपघात आणि भरपाईचा हक्क

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये अशी आपल्याकडे एक म्हण आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ती आलेली असणार, तेव्हा तिला सर्वस्वी खोटी ठरविण्याचे धाडस मी करणार नाही. बांधावरून, वाटणीवरून, विहिरीच्या पाण्यावरून तीन-तीन पिढ्या न्यायालयात झिजलेली घराणी आपणा सर्वांच्या माहितीत आहेतच. परंतु ज्यांनी ही म्हण रचली त्यांच्या रस्त्यावर मोटार नव्हती. स्वतःची चूक नसताना पाय मोडून घेतलेला माणूस आज ही म्हण पाळतो, तेव्हा तिचा लाभ त्याला न होता ज्या विमा कंपनीने पैसे द्यायचे तिला होतो. मोटार अपघाताच्या भरपाईचा कायदा हा सामान्य माणसाच्या बाजूने झुकलेल्या मोजक्या कायद्यांपैकी एक आहे, आणि तरीही आपल्यापैकी बहुतेकांना त्याची अक्षरओळखही नसते. आपण जवळजवळ सगळेच दुचाकीवरून महाविद्यालयात येतो, आणि येताना निदान एक तरी सर्कल ओलांडतो. म्हणून या लेखापुरता मी अपघात सर्कलमधलाच धरला आहे.

सर्कल म्हणजे मध्ये गोल बेट आणि भोवती फिरणारा रस्ता. दादरचे खोदादाद सर्कल, माटुंग्याचे किंग्ज सर्कल, नाशिकचा मुंबई नाका ही नावे ओळखीची आहेत. गावोगावच्या पुतळ्यांभोवतीचे चौक हेही त्याच जातीचे. सिग्नल नसतानाही वाहतूक अडू नये ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे सर्कलमध्ये शिरलेले वाहन मधले बेट आपल्या उजव्या हाताला ठेवून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. बाहेरून येणाऱ्याला आतली वाहने उजवीकडून येताना दिसतात. आत फिरणाऱ्याच्या अंगावर येणारे वाहन मात्र डावीकडून येते. एवढी भूमिती ध्यानात ठेवली की पुढचा बराचसा कायदा आपोआप उलगडतो.

आधी कोणी जायचे? १९८९ च्या रस्ता-नियमांनुसार, मुख्य रस्ता म्हणून ठरवून दिलेला रस्ता नसेल तर, चौकात शिरणाऱ्याने आपल्या उजवीकडून येणाऱ्या वाहनास वाट द्यावयाची असे. त्या नियमांच्या जागी २०१७ साली वाहन चालविण्यासंबंधीचे नवे केंद्रीय विनियम आले आणि सर्कलमध्ये आधीपासून फिरत असलेल्या वाहनाचा हक्क पहिला, हे त्यांत स्पष्टच सांगितले गेले. ब्रिटनमध्ये हा नियम १९६६ साली सक्तीचा झाला. तोपर्यंत तेथेही आत शिरणारे आणि बाहेर पडणारे एकमेकांत अडकून अख्खे वर्तुळ गोठून जात असे. आपल्याकडे नियम पुस्तकात आहे आणि चौकात मात्र ज्याची गाडी मोठी त्याचा हक्क पहिला, हे कोणी मुद्दाम सांगायला नको!

सर्कलमधल्या अपघाताचे एक वैशिष्ट्य असे, की दोन्ही चालक आपण निर्दोष आहोत असे मनापासून मानत असतात. सरळ रस्त्यावर मागून धडक दिली तर चूक कोणाची हे शेंबडे पोरही सांगेल. येथे मात्र एक म्हणतो, मी आत होतो, हा घुसला. दुसरा म्हणतो, मी कधीच आत आलो होतो, हाच वेगात आला. अशा वेळी माणसांपेक्षा वस्तू अधिक खरे बोलतात. बाहेरून घुसलेल्या मोटारीने आत फिरणाऱ्या स्कूटरला ठोकले असेल तर मार स्कूटरच्या डाव्या अंगाला आणि मोटारीच्या तोंडाला असतो. बेटालगतच्या पट्ट्यातून जाणाऱ्याने बाहेर पडण्यासाठी एकाएकी डावीकडे मुसंडी मारली, तर बाहेरच्या पट्ट्यातील वाहनाला उजव्या अंगाला मार बसतो. काचांचा सडा बेटाच्या कडेपासून किती फुटांवर पडला, ब्रेकच्या खुणा कोणत्या तोंडाशी सुरू झाल्या, वाहने कोणत्या दिशेला तोंड करून थांबली, या सगळ्यांतून घटना पुन्हा उभी करता येते. म्हणूनच घटनास्थळाच्या पंचनाम्याला अशा दाव्यात फार किंमत आहे. 'चौकात अपघात झाला' एवढ्या एका ओळीवर तो उरकला गेला तर पुढे वकील कितीही हुशार असो, त्याच्या हातात काही राहत नाही. शक्य असेल तर वाहने हलविण्यापूर्वी मोबाईलवर चार बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, आणि त्यांत बेट, रस्त्याचे तोंड व वाहन ही तिन्ही एकत्र दिसावीत. आसपासच्या दुकानांतील कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांतच पुसले जाते. ते जपून ठेवण्याविषयी दुकानदारास आणि पोलिसांस लगेच लेखी विनंती करावी.

आता मूळ हक्काकडे वळू. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली तर भरपाई मागता येते हे तत्त्व जुनेच आहे. पण त्यासाठी दिवाणी दावा लावून, भरमसाट कोर्ट फी भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. पुढे १९८८ चा नवा कायदा आला व १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि विमा व भरपाईविषयीची तिची कलमे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. आज आपल्याला लागू आहे तो हा दुरुस्त कायदा. तृतीय पक्षाचा विमा प्रत्येक वाहनास सक्तीचा आहे. 'तृतीय पक्ष' म्हणजे विमा उतरविणारा मालक एक, कंपनी दुसरी, आणि ज्याला गाडीमुळे इजा झाली तो तिसरा, म्हणजे आपण. सामनेवाला गाडीमालक गरीब आहे, त्याच्याकडून काय घेणार, असा विचार करून पुष्कळ सज्जन माणसे गप्प बसतात. त्यांच्या दयाबुद्धीचा आदर राखून सांगावेसे वाटते, की विमा चालू असेल तर पैसे सामान्यतः त्या मालकाच्या खिशातून जात नाहीत. मालकाने परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली असेल तर गोष्ट वेगळी. अशा प्रकरणीही जखमीस आधी कंपनीने पैसे द्यावेत व मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालये देत आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा निकाल या बाबतीत पायाभूत मानला जातो.

न्यायाधिकरणापुढे पुरावा फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही. घडले असण्याची शक्यता कोणत्या बाजूला अधिक आहे एवढेच पाहिले जाते. चालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ व १२५ खाली खटला होऊन तो सुटला, तरी आपला दावा त्यामुळे बुडत नाही. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एका बस अपघाताच्या निकालात हे स्पष्ट केले, आणि कोठे थोडी शंका राहिली वा कोठे एखादा धागा सुटला म्हणून निरपराध जखमींना रिकाम्या हाताने परत पाठवू नये, अशी न्यायाधिकरणांना समजही दिली.

इतका उदार कायदा असूनही दावे कसे फसतात, याचे एक जवळचे उदाहरण सांगतो. आमच्या वसतिगृहातील एक मित्र, नाव अर्थातच देत नाही, स्कूटरवरून सर्कलमध्ये फिरत असताना डावीकडून एक मोटार घुसली. उजव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. मोटारमालक सभ्य गृहस्थ होते. पळून न जाता त्यांनी स्वतःच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेले, पहिले बिल भरले, वर पंधरा हजार रुपये हातात ठेवले. 'तुझेही शिक्षण चालू आहे, कशाला पोलीस स्टेशनच्या चकरा?' असे म्हणून एका कोऱ्या कागदावर 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' अशी सही घेतली. ते काही दुष्टपणाने वागले असे मला वाटत नाही. परंतु दवाखान्यात डॉक्टरांनी 'कसे लागले?' असे विचारले तेव्हा मित्र वेदनेने अर्धवट शुद्धीत होता, आणि उत्तर त्या गृहस्थांनीच दिले, 'स्कूटर घसरून पडला.' केसपेपरवर तेवढेच उमटले.

दोन शस्त्रक्रिया झाल्या, पायात पट्टी बसली, आणि तीन महिन्यांनी कळले की पाय पाऊण इंचाने आखूड राहणार. हा मित्र दोन वर्षे पहाटे उठून पोलीस भरतीची तयारी करीत होता. १६०० मीटर धावण्याची वेळ तो सेकंदासेकंदाने कमी करीत आणत होता, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. आता तो मैदानावर येत नाही. घरच्यांनी मग फिर्याद दिली, चौकातल्या एका फुलवाल्याचा जबाब मिळाला, आणि पाचव्या महिन्यात भरपाईचा अर्ज दाखल झाला. विमा कंपनीची कैफियत मी स्वतः वाचली आहे. तिच्यात म्हटले आहे, की अर्जदार स्कूटर घसरून पडला, सबब आमच्या विमेदार गाडीचा या अपघाताशी संबंधच नाही. पुरावा म्हणून केसपेपरची नक्कल जोडली आहे. फिर्यादीस उशीर झाला एवढ्यानेच दावा फेटाळू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितलेले आहे, आणि तसल्या 'तक्रार नाही'च्या चिठ्ठीने कायद्याचा हक्क संपत नाही. पण उशिराची आणि त्या एका वाक्याची कारणे आता त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून समजावून द्यावी लागतील. दावा चालू आहे.

म्हणून दवाखान्यात पोहोचताच जखमीने, किंवा त्याच्याबरोबरच्या माणसाने, 'मोटारीने धडक दिली' हे शब्द आणि जमल्यास गाडीचा क्रमांक केसपेपरवर लिहवून घ्यावा. अपघाताचा रुग्ण असेल तर दवाखान्याने पोलिसांना कळवायचे असते. पोलीस जबाब घ्यायला येतात तेव्हा वेदनेने बोलता येत नसेल तर तसे नोंदवून नंतर जबाब द्यावा. अर्धवट सांगू नये. आधी पोलीस मग उपचार, ही जुनी भीतीही आता सोडायला हवी. तातडीच्या रुग्णाला उपचार नाकारता येत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले, आणि २०२५ साली केंद्र सरकारने लागू केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार पैसे न भरता मिळू शकतो. जखमीला उचलून नेणाऱ्या वाटसरूला साक्षीसाठी वेठीस धरता येणार नाही, अशीही तरतूद कायद्यात २०१९ साली आली आहे. ती चौकातल्या बघ्यांना कोणी तरी समजावून सांगायला हवी.

दोष कोणाचा या प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरे असतात, आणि ती कायद्याच्या विद्यार्थ्यांचाही गोंधळ उडवितात. समजा, एक विद्यार्थी स्कूटर चालवितो आहे आणि त्याच्या मागे वर्गमैत्रीण बसली आहे. सर्कलमध्ये मोटारीशी धडक होऊन दोघेही जखमी झाले. न्यायाधिकरणाने ठरविले की मोटार बाहेरून घुसली म्हणून ७५ टक्के दोष तिचा, पण स्कूटरवालाही बेतापेक्षा वेगात होता म्हणून २५ टक्के दोष त्याचा. येथे चालक विद्यार्थ्याची भरपाई चतुर्थांशाने कमी होईल. त्याने स्वतःच्या इजेला हातभार लावला, म्हणून याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. मागे बसलेल्या मुलीने मात्र काहीच चूक केलेली नाही. तिच्या दृष्टीने दोन चालकांनी मिळून तिला इजा केली. तिची भरपाई एका पैशानेही कमी होत नाही, आणि ती संपूर्ण रक्कम एकट्या मोटारीच्या कंपनीकडूनही मागू शकते. त्या दोघांनी आपसात काय वाटून घ्यायचे ते त्यांनी पाहावे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा निःसंदिग्ध केला. रिक्षात बसलेल्या प्रवाशालाही हेच लागू.

मागे बसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून असावी. दुसऱ्या कोणत्याही वाहनाचा दोष नसेल आणि केवळ आपल्याच चालक मित्राच्या चुकीने अपघात झाला असेल, तर त्याच्या स्कूटरची पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे यावर सारे अवलंबून राहते. केवळ तृतीय पक्षाची किमान पॉलिसी असेल तर मागे बसलेल्याची जोखीम तीत येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरविले. सर्वंकष पॉलिसी असेल तर ती येते. चारशे-पाचशे रुपये वाचविण्यासाठी स्वस्तातली पॉलिसी घेणाऱ्या मित्राच्या मागे आपण रोज बसतो, हे लक्षात असू द्यावे. चालक-मालकाला स्वतःच्या चुकीची भरपाई तृतीय पक्षाच्या विम्यातून मिळतच नाही. त्यासाठी पंधरा लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण २०१८ पासून ठेवले गेले आहे.

'आम्ही तिघे होतो, म्हणून दावा करता येणार नाही' असे एका वर्गबंधूने मला ठासून सांगितले होते. दुचाकीवर तिघांनी बसणे हा गुन्हा आहे आणि दंड भरावाच लागेल. पण केवळ तिघे बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही; तिघे बसल्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली असे सिद्ध व्हावे लागते. हा निकाल २०२० सालचा आहे. शिकाऊ परवाना, हेल्मेट नसणे यांबाबतही प्रश्न तोच विचारावयाचा, की नियमभंगाचा आणि इजेचा कार्यकारणसंबंध आहे काय? डोक्याला मार लागला असेल आणि हेल्मेट नसेल तर कंपनी हा मुद्दा काढल्याशिवाय राहणार नाही, हेही ओघानेच आले.

आता रकमेकडे येऊ. येथे विद्यार्थ्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहते. भरपाईचा मोठा भाग कमाईच्या नुकसानीवर मोजतात आणि विद्यार्थ्याची कमाई शून्य! म्हणून त्याचे नुकसान शून्य असे मात्र न्यायालये मानत नाहीत. त्याच्या शिक्षणावरून, किमान वेतनाच्या दरांवरून एक काल्पनिक उत्पन्न धरले जाते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली त्याच्या होऊ घातलेल्या नोकरीचा विचार केला. आपल्या कलाशाखेच्या पदवीधराची बाजारात काय किंमत धरतात, हा प्रश्न मी प्राध्यापकांवर सोपवितो. पण गुणपत्रिका, स्पर्धा-परीक्षांचे प्रवेशपत्र, एन.सी.सी.चे प्रमाणपत्र, शिकवण्या घेत असल्यास त्याचा काही पुरावा, हे सारे अर्जासोबत जोडावे. कागद जितके अधिक, तितकी ही काल्पनिक कमाई वास्तवाच्या जवळ जाते.

हिशेब असा. वय २०, उत्पन्न सोयीसाठी महिना १५,००० रुपये धरू. ते पुढे वाढणार, म्हणून चाळिशीच्या आतील, कायम नोकरी नसलेल्या व्यक्तीस त्यात ४० टक्के मिळवितात. हे प्रमाण २०१७ च्या पाच न्यायमूर्तींच्या निकालाने ठरले, आणि ते जखमींनाही लागू असल्याचे २०२० साली पुन्हा सांगितले गेले. झाले २१,००० रुपये महिना, म्हणजे वर्षाचे २,५२,०००. कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटली असे ठरले तर वर्षाचे नुकसान ५०,४०० रुपये. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. २००९ च्या निकालातील तक्त्याप्रमाणे १५ ते २५ वयासाठी गुणक १८ आहे. तो वाढत्या वयाबरोबर उतरत जातो आणि पासष्टीनंतर ५ वर येतो. आपल्या उदाहरणात ९,०७,२०० रुपये होतात. उपचाराचा खर्च, पुढील शस्त्रक्रिया, सुश्रूषेसाठी घरच्या माणसाने घालविलेले दिवस, येण्याजाण्याचा व सकस आहाराचा खर्च, बुडालेले वर्ष, वेदना, आयुष्यातील सुखांना मुकणे, यांसाठी रक्कम निराळी. ती २,९२,८०० धरली तर एकूण बारा लाख. मघाच्या उदाहरणातील मागे बसलेल्या मुलीला हे बारा लाख मिळतील. इजा अगदी तेवढीच असलेल्या चालक विद्यार्थ्याला नऊ लाख.

या हिशेबातली सर्वांत नाजूक जागा म्हणजे ते '२० टक्के'. डॉक्टर जो अपंगत्वाचा दाखला देतात तो बहुधा त्या अवयवापुरता असतो. पायाचे ४५ टक्के अपंगत्व म्हणजे साऱ्या देहाचे ४५ टक्के नव्हे. आणि देहाचे अमुक टक्के म्हणजे कमाईचेही तितकेच टक्के, असेही नव्हे. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचे फार समर्पक उदाहरण दिले आहे. डावा हात गेला तर सुतार किंवा गाडीचालक यांची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडेल. तोच हात सरकारी कारकुनाचा गेला तर त्याची नोकरी कदाचित टिकेलही. तेव्हा माणूस काय काम करीत होता, त्यातले काय करता येत नाही आणि दुसरे काय करता येईल, हे न्यायाधिकरणाने पाहावयाचे असते. माझ्या मित्राचा आखूड पाय प्राध्यापकी करू इच्छिणाऱ्याला फारसा आड येणार नाही, शिपाईपदाच्या उमेदवाराला मात्र तो दार बंद करतो. परंतु तो भरतीची तयारी करीत होता हे कोणी तरी शपथेवर सांगावे लागेल, आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरांनाही साक्षीला यावे लागेल. डॉक्टर न येता केवळ कागद पुढे केला तर त्याला विशेष वजन राहत नाही.

अर्ज कोठे करायचा? अपघात घडला त्या भागातील न्यायाधिकरणात, किंवा अर्जदार राहतो तेथील, किंवा सामनेवाला राहतो तेथील. ही निवड अर्जदाराची आहे. पुण्याच्या चौकात जखमी झालेला लातूरचा विद्यार्थी लातुरात दावा लावू शकतो. चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही सामनेवाले करावे. नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला व कंपनीला द्यायची आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत पाठवायचा असतो. त्या अहवालालाच अर्ज समजण्याची सोयही कायद्यात आहे. तथापि तेवढ्यावर विसंबून घरी बसू नये. दुरुस्त कायद्यात अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण शहाण्याने ती आहे असेच धरून चालावे.

कंपनीचा अधिकारी दरम्यान तडजोडीचा प्रस्ताव घेऊन येईल. त्यात गैर काही नाही. लोकअदालतीत असे पुष्कळ दावे मिटतात आणि ज्याला पैशाची तातडी आहे त्याला ते हिताचेही ठरते. लोकअदालतीतील निवाड्यावर अपील नसते, एवढे आधी समजून घ्यावे. मात्र कलम १६४ कडे डोळसपणे पाहावे. या कलमाखाली कोणाचाही दोष सिद्ध न करता गंभीर दुखापतीस अडीच लाख आणि मृत्यूस पाच लाख रुपये मिळतात. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. स्वतःची बाजू लंगडी असेल, साक्षीदार नसेल, तर हे कलम वरदान आहे. परंतु ही रक्कम एकदा स्वीकारली की नेहमीचा, म्हणजे कलम १६६ खालचा दावा संपतो. ज्याला नऊ लाख मिळण्याजोगे आहेत त्याने दवाखान्याच्या खाटेवर अडीच लाखांच्या कागदावर सही करण्यापूर्वी वरचा हिशेब निदान एकदा पाटीवर मांडून पाहावा.

धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही तर न्यायाधिकरणाचा मार्ग बंद होतो, पण सरकारी योजनेतून गंभीर जखमीस ५०,००० आणि मृताच्या वारसांस दोन लाख रुपये मिळतात. हा अर्ज तहसीलदार किंवा प्रांत यांच्याकडे करावयाचा. सर्कलमध्ये चारी दिशांना पळवाटा असल्याने असे प्रसंग तेथे कमी नाहीत.

वकिलाविषयी दोन शब्द. दवाखान्याच्या दारातच 'तुमचे काही द्यायचे नाही, मिळालेल्यातले तीस टक्के आमचे' असे म्हणणारे दलाल भेटतात. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरविण्यास वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे, तेव्हा असा करार सुचविणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि तेथे साध्या कागदावर अर्ज चालतो.

अर्जात किती रक्कम मागावी याची फार चिंता करू नये, कारण न्याय्य वाटल्यास मागितल्यापेक्षा अधिक रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकते, असे २००२ पासून मानले जाते. निवाड्याच्या रकमेवर सामान्यतः अर्जाच्या तारखेपासून दरसाल दरशेकडा ६ ते ९ च्या आसपास व्याज लागते. मंजूर रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश झाला तर गोंधळून जाऊ नये; पैसा नातेवाइकांच्या वा दलालांच्या हाती विरघळून जाऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली घालून दिलेली ती पद्धत आहे, आणि शिक्षणासाठी वा उपचारासाठी ठेव मोडण्याची परवानगी अर्ज करून मागता येते. रक्कम कमी वाटली तर निवाड्यापासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी निवाड्याची प्रमाणित नक्कल लागते, तेव्हा तिच्यासाठीचा अर्ज निकालाच्या दिवशीच देऊन ठेवावा.